आजीच्या फ्रिजला नळ

कामेनिच्का,
रविवार, जेवणानंतर

तीर्थस्वरूप यर्मिला मावशीस,

मातौशचा वाकून नमस्कार. जिना चढताना तुझा गुडघा अजून कुरकुरतो का, आणि काकांचा रक्तदाब आता त्यांचं ऐकतो का, ते जरूर कळव. इकडे आई बरी आहे. सफरचंदांना यंदा कीड कमी आहे. मीही बरा आहे (पोटात अधूनमधून गोळा येतो, पण डॉक्टरांच्या मते तो गोळा नसून स्वभाव आहे). आजी काही बोलत नाही, म्हणजे बरीच असावी. आजोबांविषयी मात्र सविस्तर लिहावं लागेल, कारण त्यांच्या वृद्धाश्रमाची बातमी तुला आईकडून अर्धीच कळली आहे आणि अर्धी बातमी पूर्ण बातमीपेक्षा जास्त झोप उडवते, असा माझा अनुभव आहे.

तुला ठाऊकच आहे की गेल्या हिवाळ्यात गावातला होस्पोदा, आपला एकुलता एक बिअरचा अड्डा, बंद झाला. मालकीणबाई लेकीकडे राहायला गेल्या आणि जाताना बिअरच्या नळाची पितळी मूठसुद्धा काढून घेऊन गेल्या. (आठवण म्हणून नेली असं त्या म्हणाल्या. शेबेला काकांचं म्हणणं, आम्ही कुलूप तोडून आत शिरू या भीतीने नेली. दोन्ही खरं असू शकतं.) आजोबा बाटलीतल्या बिअरला बिअर मानत नाहीत. घड्याळाखालच्या त्या कोपऱ्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं, तिथे नळाची बिअर मिळायची, जाड फेसाची. आई दुकानातून बाटल्या आणायची आणि ते त्या बाजूला सरकवून लिंडनच्या फुलांचा चहा घ्यायचे. चहा पिताना त्यांचा चेहरा पाहवत नसे. मग वसंतात एका रविवारी, बदकाची तंगडी सोडवता सोडवता, ते म्हणाले, "मी शहरातल्या वृद्धाश्रमात नाव घातलंय. समोरच 'काळं हरीण' होस्पोदा आहे. रस्ता ओलांडला की नळ." आईच्या हातातून वाढायचा डाव पडला. आजीने फक्त एवढंच विचारलं की तिकडे थंडीचा कोट लागेल का. पानगळ सुरू झाली की जागा मिळेल असं पत्रही येऊन पडलं.

मावशी, मी यात का पडलो ते तुला सांगायला नको, तरी सांगतो. बाबा निघून गेल्यावर हातोडी कशी धरायची ते मला आजोबांनी शिकवलं. धंदेशिक्षणाची शाळा मी दुसऱ्या वर्षी सोडली (यंत्रांच्या आवाजाने मला घाम फुटायचा), तेव्हा सगळं गाव हळहळलं. एकटे आजोबा म्हणाले, "बरं झालं. घरात एक तरी माणूस जागेवर सापडेल." असा माणूस केवळ एका नळासाठी घर सोडून जाणार आणि मी जागेवर बसून राहणार, हे मला पटेना. म्हणून मी ठरवलं की नळच घरी आणायचा. जुना फ्रिज घ्यायचा, आत बिअरचं पिंप ठेवायचं, बाहेर बिअर ढकलणाऱ्या गॅसची टाकी, दाराला नळ. आकृती मी तीनदा काढली. तिसरी बरीच सुबक झाली होती, पण चूकही तिच्यातच होती.

पहिला फ्रिज शेबेला काकांनी दिला. (तळ्यापलीकडचे, आपल्या गावच्या अग्निशमन दलाचे जुने प्रमुख. तुझ्या लग्नात बंबाची घंटा वाजवून ज्यांनी पाद्र्याला घाबरवलं होतं, तेच.) मी पेन्सिलीने खूण केली, मोजलं, पुन्हा मोजलं, आणि गॅसच्या नळीसाठी फ्रिजच्या बाजूला भोक पाडलं. भोक अगदी खुणेवर पडलं. फक्त त्या खुणेमागून थंडाव्याची नळी जात होती. फ्रिजमधून बराच वेळ एक लांब, थकलेला सुस्कारा निघत राहिला आणि मग शांतता पसरली. शेबेला काकांनी कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "गेला. टोपी काढ." मी टोपी काढली. त्यांनीही काढली. ते थट्टा करत होते की नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसरा फ्रिज म्हणजे आजीच्या कोठीतला. त्यात डुकराची चरबी, काकड्यांचं लोणचं आणि मनुकांचा मुरंबा असायचा. मी मागितला तेव्हा आजीने विचारलं, "कशासाठी?" मी म्हटलं, "आजोबा घरी राहावेत म्हणून." ती म्हणाली, "अस्सं." आणि एकेक बरणी काढून तळघरात नेऊन ठेवली. या वेळी मी गॅसचं भोकही दारातच पाडलं, कारण दारात नळ्या नसतात हे मी आता कायमचं शिकलो होतो. मग लक्षात आलं की खाली मागच्या बाजूला मोटारीचा उंचवटा आहे आणि पिंप सरळ उभं राहत नाही. त्यासाठी लाकडी चौथरा केला. चौथऱ्यामुळे पिंप पुढे आलं, पुढे आल्यामुळे दार लागेना, म्हणून दाराच्या आतले अंडी ठेवायचे कप्पे करवतीने कापले. अंड्यांचं आता काय करायचं, असं आजीने विचारलं नाही. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

पिंप मी शहरातून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत आणलं, शेतातल्या रस्त्याने, म्हणजे इतरांच्या गाड्यांना अडचण नको. घरी आणल्या आणल्या जोडलं, आजोबांना खुर्ची दिली, शेबेला काकांना बोलावलं आणि नळ उघडला. फेस. ग्लास पालथा करावा तरी काही सांडणार नाही असा फेस. दुसऱ्या ग्लासात फेस, आईच्या सुपाच्या भांड्यात फेस, जमिनीवर फेस. आजोबांनी फेसात बोट बुडवून पाहिलं आणि म्हणाले, "मातौश, मला प्यायचंय रे, दाढी नाही करायची."

"आमच्या बंबातूनसुद्धा असंच निघायचं," शेबेला काका म्हणाले, "पण आम्ही ते आगीवर मारायचो."

"तू? तुझ्या हातून बंबांच्या स्पर्धेत नळीच सुटली होती. आगीवर काय मारतोस!" आजोबा ओरडले.

"नळी तुझ्या हातून सुटली, अलोइस. मी पंपावर होतो."

(हे भांडण मी जन्मायच्या आधीपासूनचं आहे. पण खरं सांगतो मावशी, आजोबांचा आवाज मी कित्येक महिन्यांनी एवढा मोठा ऐकला.)

आमची चूक दुहेरी होती. धक्के खाल्लेल्या पिंपाला एक दिवस विश्रांती द्यावी लागते, आणि पिंपापासून नळापर्यंतची नळी चांगली लांब लागते, म्हणजे बिअर वाटेत शांत होते. मी ती आखूड कापली होती, कारण आखूड नळी नीटनेटकी दिसते. मग लांब नळी आणून आत वेटोळं करून बसवली. गॅस कमी केला. ग्लास साबणाशिवाय धुतले, कारण साबणाने फेस मरतो. आणि एका बुधवारी संध्याकाळी, मावशी, नळातून सोनेरी बिअर आली, वर बोटभर पांढरा, ओला, घट्ट फेस. आजोबांनी घोट घेतला. मिशी पुसली. दुसरा घोट घेतला. अर्धा ग्लास संपवून म्हणाले, "बिअर बरोबर आहे."

मी आईकडे पाहिलं. आई रडायच्या बेतात होती.

"पण एक सांग," आजोबा म्हणाले, "मी इथून घरी कसा जाऊ?"

मी म्हटलं, "आजोबा, तुम्ही घरीच आहात."

"तेच तर. प्यायला जायला हवं आणि पिऊन यायला हवं. स्वयंपाकघरात बसून प्यायलो तर मी ना कुठे गेलो, ना कुठून आलो." त्यांनी ग्लास संपवला (वाया घालवला नाही, हे नमूद करतो) आणि वृद्धाश्रमासाठीची बॅग माळ्यावरून काढायला सांगितली.

त्या रात्री मी जेवलो नाही. सकाळी शेबेला काकांकडे जाऊन त्यांचं रिकामं गॅरेज नळासाठी मागितलं. ते म्हणाले, "अलोइस त्या नळीचं खापर माझ्यावर फोडणार असेल तर येऊ दे. एकट्यानेच भांडून मी कंटाळलोय." दुपारी आम्ही फ्रिज हातगाडीवर घालून तळ्याच्या कडेने नेला. वाटेत लोक मागोमाग येऊ लागले. कोणी बाक आणला, कोणी टेबल. एकाने भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ लावलं. आता रोज संध्याकाळी आजोबा कोट चढवतात, टोपी घालतात, दारात उभे राहून म्हणतात, "मी जरा जाऊन येतो," आणि जातात. उशिरा गुणगुणत परत येतात. काल मी वृद्धाश्रमात फोन करून जागा नको म्हणून कळवलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "सगळंच रद्द का?" मी ठामपणे म्हटलं, "सगळंच." आयुष्यात मी इतकं ठामपणे पहिल्यांदाच बोललो असेन.

तर अशी सगळी सुखरूप हकिकत. काकांना नमस्कार. गुडघ्याला कोबीचं पान बांधत जा.

तुझा,
मातौश

ता. क. हे पत्र मी उद्या पोस्टात टाकणार होतो, पण आता त्याची गरज उरलेली नाही. सोमवारी सकाळच्या बसने आजी तुझ्याकडे ओलोमौत्सला येत आहे आणि पत्र तिच्याच पिशवीत देणार आहे. म्हणजे तू हे वाचत असताना ती बहुधा तुझ्या समोरच बसलेली असेल. तिच्यासमोर मोठ्याने वाचू नकोस. पत्र लिहून झाल्यावर मी तिला फोनची आनंदाची बातमी सांगितली. ती बरण्या पुसत होती. म्हणाली, "ती खोली दोघांची होती, मातौश. मीही नाव घातलं होतं." मग ती म्हणाली, "खिडकी चौकाकडे होती. समोर 'काळं हरीण'. मी विणत बसले असते आणि तो मला काचेतून दिसला असता. आजवर मला तो फक्त जाताना आणि येताना दिसलाय. हिवाळ्यात घरात होता, पत्ते खेळायचा माझ्याशी, हरला की पानं फेकायचा. छान चाललं होतं." एवढं बोलून तिने बॅग मागितली. बॅग माळ्यावरून आधीच काढून ठेवलेली होती. आईने विनवलं, मी विनवलं. किती दिवसांसाठी जातेस, असं विचारलं तर म्हणाली, "बघू, यर्मिलाच्या खिडकीतून काय दिसतं ते."

ता. ता. क. आजी उद्या जातेय आणि का जातेय, ते आजोबांना आत्ताच सांगितलं. ते कोट घालून, टोपी हातात घेऊन बाकावर बसून आहेत आणि अजून गॅरेजला गेलेले नाहीत. शेबेला काका विचारायला आले आणि नळीचं नावही न काढता परत गेले. ते गेल्यावर आजोबांनी विचारलं, "यर्मिलाच्या घरासमोर काय आहे?" मी म्हटलं, ट्रामचा थांबा, आणि बहुतेक चपलांचं दुकान. ते म्हणाले, "नीट आठव." मला आठवेना. तेव्हा मावशी, माझी हात जोडून विनंती आहे. आजीला रस्त्याकडची खोली दे, तिची खुर्ची खिडकीशी ठेव, आणि त्या खुर्चीत स्वतः बसून पाहा की समोर एखादा होस्पोदा दिसतो का. दिसत असेल तर फोन कर, आजोबा पुढच्या बसने निघतील. दिसत नसेल, तर समोर राहणारा माणूस स्वभावाने कसा आहे आणि त्याच्याकडे जुना फ्रिज आहे का, तेवढं कृपया विचारून ठेव.