निळ्या गावाहून लाल गावाला

तीर्थस्वरूप शिवलिंगप्पा मामांना,

शिवानंदाचा शरणार्थ. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमचा बीपी आटोक्यात असेलच (नसला तर पत्र जेवण झाल्यावर वाचा). फोनच केला असता, पण कंपनीत साहेब शेजारी असतात आणि घरी आई, आणि माहेरी काही मागितलेलं तिला चालत नाही.

मामा, आमच्या कंपनीनं इंटरनेटवर जिल्ह्याच्या पाण्याचा नकाशा टाकला आणि तो तुमच्या भाच्यानं बनवला, हे तुमचं गावभर सांगून झालंय. आता पुढचं ऐका. जिल्ह्याचे बारीक बारीक चौकोन पाडायचे आणि जमिनीखाली पाणी किती खोल आहे त्याप्रमाणे प्रत्येकात रंग भरायचा, याला आम्ही रास्टर थर म्हणतो. रंग संगणकानं आपल्या मनानं भरले. पाणी वर असेल तिथं लाल, खोल गेलं असेल तिथं निळा (संगणकाला कधी घागर घेऊन रांगेत उभं राहावं लागलेलं नाही). तरी मी कोणता रंग म्हणजे किती खोल हे सांगणारी सूची डाव्या कोपऱ्यात लावली होती. मोबाइलवर नेमका तिच्याखाली परंडा तालुका झाकला गेला. सोनारीच्या एका पुढाऱ्यानं फोन करून विचारलं, "आमी काय जिल्ह्याच्या भाईर हाव व्हय?" साहेब घाबरले आणि त्यांनी सूची एका बारक्या बटणामागं लपवायला लावली. ते बटण आजवर कुणी दाबलेलं नाही.

मग एका बैठकीत हा नकाशा पडद्यावर लागला. भूमकडचं आमचं गाव गडद निळं दिसलं. सगळ्यांना आनंद झाला आणि आमचा टँकर बंद झाला. उमरग्याकडचं तुमचं गाव लालभडक, म्हणून तो तुमच्याकडं सुरू झाला. तुमच्या विहिरीत वाकलं तरी पाणी हाताला लागतं, आणि टँकरच्या पाण्यानं तुम्ही बैल धुता असं कळलं (धुवा, त्या बैलांवर माझा राग नाही). इथं आई सकाळपासून शिवारातल्या बोअरवर रांगेत असते. परवा तिथंच चक्कर येऊन पडली. मामा, मला फार लाज वाटते. रंग उलटे करणं चुटकीसरशी होतं, पण नकाशाचं उद्घाटन झालंय, आता वरून मंजुरी आल्याशिवाय हात लावायचा नाही, असं साहेब म्हणतात. मंजुरी कधी येणार हे त्यांनाही माहीत नाही.

मामींना शरणार्थ सांगा. तब्येतीला जपा.

तुमचा भाचा,
शिवानंद

ता. क. खरं काम असं, की तुम्ही सरपंच आहात. 'आमच्या गावाला टँकर नको' एवढं तहसीलला कळवा, म्हणजे तो परत इकडं वळेल. माझं नाव नाही घेतलंत तर बरं.

ता. क. आणखी एक. एसटीच्या कंडक्टरकडं पाण्याचा कॅन येईल, तो आईनं पाठवलाय. मोबाइलवर तुमचं गाव लाल बघितल्यापासून ती आपल्या घागरीतलं पाणी थोडं थोडं बाजूला काढत होती. तुमच्याकडं भरपूर पाणी आहे असं मी तिला शपथेवर सांगितलं. "तूच काढलायस की नकाशा," म्हणाली. कॅन रिकामा परत पाठवू नका.