डोळ्यात हळद जात नाही

माय,

आज रविवार. दवाखान्याच्या गाडीपासून आत्ताच खोलीवर आलोय, अंगात काही राहिलेलं नाही. मी कुठं आहे ते तुला माहीत असायचं कारण नाही. आधी नांदेडला हॉटेलात होतो, मग पुण्याला, मग सुरतेला, कुठंच पाय ठरला नाही. आता गुजरातेतच मोरबीला फरशीच्या कारखान्यात आहे. पांढऱ्या मातीची भुकटी मशीनमध्ये ओतायची, एवढंच काम. सुट्टी झाली की बाहेर येणारा प्रत्येक माणूस म्हातारा दिसतो, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मजुरांच्या वस्तीत रविवारी एक डॉक्टरीणबाई गाडी घेऊन येतात, फुकट तपासतात. मी त्यांच्या हाताखाली असतो. रांग लावतो, कुणाला काय तकलीफ आहे ते हिंदीत सांगतो, लाजणाऱ्याला धरून स्टुलावर नेऊन बसवतो. मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा नुसता बघायला गेलो आणि हात आपोआप कामाला लागले. तुझेच ते हात.

आज सगळे गेल्यावर बाईंनी विचारलं, "और तू? तू कब बैठेगा?" त्यांनी माझा खोकला ऐकलाय. दिवाळीपासून आहे. हल्ली सकाळी थुंकीत लाल दिसतं. मी त्यांना काय बोललो, तेच तुला सांगायला बसलोय. पण आधी तिकडचं लिहू दे.

आपल्या डोंगरकडा गावच्या मळ्यात हळद शिजायची ते दिवस डोळ्यापुढून हलत नाहीत. कढया भट्टीवर चढलेल्या, लांबपर्यंत हळद वाळत पडलेली, आणि हळद घासायचा ड्रम फिरायला लागला की पिवळा धुरळा. गावातले काय नि तांड्यावरचे काय, सगळे पिवळे. भाकर पिवळी, घाम पिवळा, लेकराच्या गालावर आईची पाच बोटं पिवळी. बाजाराच्या दिवशी वसमतहून डॉक्टर मोटरसायकलवर येतात, बारदान्याच्या शेडमध्ये बसतात. सकाळभर कढईपाशी राबून तू दुपारी तिथं उभी. पाणी उकळतेस, बायांना हाताला धरून आणतेस. बाप म्हणायचा, घरच्या शेळ्या सोडून गावच्या शेळ्या राखून राहिली. तू तोवर शेडच्या वाटेला लागलेली असायचीस.

हंगामात कावीळ ओळखू येत नाही म्हणून डॉक्टर वैतागायचे. सगळेच पिवळे, आजारी कुणाला म्हणायचं? त्यांनीच तुला शिकवलं, खालची पापणी ओढायची आणि पांढऱ्यात बघायचं. हळद अंगभर बसते, डोळ्यात जात नाही. तुला ते इतकं पटलं की कामावरसुद्धा येताजाता तू बायांच्या पापण्या ओढायचीस. तांड्यावरची एक हसून म्हणाली, "एवढं तर नवराबी बघत न्हाई वं आमच्या डोळ्यात." तू म्हणालीस, "बघत जाय म्हणाव त्याला." आणि तिच्याच जावेचे डोळे पिवळे निघाले. घरचे तिला डाग द्यायला घेऊन चालले होते. कावीळ झाली की तापली सळई दंडाला लावायची, आपल्याकडची जुनी रीत. तू जाऊन त्यांच्या बैलगाडीपुढं बसलीस. भांडली नाहीस, नुसती बसलीस. ती वसमतच्या एसटीत चढली तेव्हाच तुझा जीव भांड्यात पडला. पुढच्या हंगामाला ती कडेवर लेकरू घेऊन कामावर हजर.

माझी शाळा तोवर सुटली होती, मी तिथंच ड्रमवर होतो. एकदा शेडपुढं गर्दी झाली म्हणून काठीनं रांग सरकवायला गेलो, तर सगळ्यांसमोर तू काठी हिसकून घेतलीस. "माणसं हायेत ती. बकऱ्या न्हाईत." अजून इथं रांग लावताना मी हात पाठीमागं धरतो.

शेवटच्या हंगामात तू पदर पार भुवईखाली ओढून घ्यायला लागलीस. धुरळ्यासाठी असेल, असं आम्ही समजलो. वाढायचीस ते मान खाली घालून, बोलायचीस ते चुलीकडं तोंड करून. घास उतरत नव्हता तरी बाजाराच्या दिवशी शेडमध्ये बराबर हजर. डॉक्टर म्हणाले, बाई, आज तुमचंही बघू. तू म्हणालीस, "आधी ह्यांचं होऊ द्या." मग एक दिवस कढईपाशी पडलीस. बायांनी तोंडावर पाणी मारलं, पदर सरकला, आणि त्या तांड्यावरच्या बाईनंच तुझी पापणी ओढून बघितली. ती रडायला लागली. वसमतला नेलं, नांदेडला नेलं. उशीर झाला होता.

गावात अजून म्हणतात, लोकांसाठी झिजली, स्वतःकडं बघायला सवड मिळाली नाही बिचारीला. मीसुद्धा इथल्या पोरांना तेच सांगत आलो. आज बाईंनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "पहले इनका होने दो." बाईंनी मागं वळून बघितलं. मीही बघितलं. रांग कधीच संपली होती, स्टूल रिकामं होतं, मागं एक कुत्रं तेवढं झोपलेलं. बाईंनी छातीच्या फोटोची चिठ्ठी माझ्या हातात दिली.

घरात आरसा होता, माय. तुला माहीत होतं. सवडीचं काही नव्हतं, तू भ्याली होतीस. काहून भ्यालीस, हे आता मला कुणी सांगायला नको. इथं सगळेच खोकतात, त्यात माझा खोकला कुणाला वेगळा ऐकू येतो? तू हळदीत लपलीस तसा मी ह्या खोकल्यात लपून राहिलो.

चिठ्ठी उशाखाली आहे. उद्या फोटो काढायला जातो असं लिहून संपवावं म्हणत होतो, पण तुला खोटं काहून लिहू. हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून एवढं सांगून ठेवतो. बाई गाडीत सामान भरत होत्या तेव्हा मी त्या स्टुलावर बसून बघितलं. त्या वळायच्या आत उठलो.