पट्टीवरचं भांडण

प्रिय चिमे,

आधी बातमी. तुझ्या बाबांचं औषध चालू राहणार. कालपासून माझी मान इतकी ताठ झालीय की शेजारीण विचारून गेली, काय झालं म्हणून.

त्यांचा आजार लाखात एखाद्याला होणारा. मेंदूने पायांना धाडलेला निरोप वाटेतच रेंगाळतो. औषध लागू पडतंय का, ते चालण्यावरूनच कळतं. म्हणून दवाखान्यात एका लांब काळ्या पट्टीवरून चालवतात. पाऊल कुठे पडलं, किती वेळ टेकलं, सगळं संगणक टिपतो. आणि तुझे बाबा पडले कवायतीचे मास्तर. कोणी बघतंय म्हटलं की छाती पुढे. घरी भिंत धरल्याशिवाय न्हाणीघरापर्यंत जाता येत नव्हतं, पण औषधाआधीच्या तपासणीत दातओठ खाऊन संचलन केलं. औषध सुरू झाल्यावरच्या तपासणीतही तेच सोंग. आकडे जसेच्या तसे. डॉक्टर म्हणाले, फरक नाही, औषध थांबवू. यांचा चेहराच उतरला.

चालणं मोजणारी मुलगी मात्र हुशार. पट्टी संपल्यावर हे पाय फाकवून, झोकांड्या खात दाराकडे निघालेले तिने पाहिलं. मला विचारलं, घरी हे कशात रमतात? मी म्हटलं, माझ्याशी भांडण्यात. मग काय, तिने मलाच पट्टीशेजारून चालायला लावलं. मी पडद्यांच्या रंगाचा विषय काढला. हे तावातावाने बोलू लागले, कवायत विसरले आणि खरं चालणं उमटलं. डॉक्टरांनी तेच आकडे सुरुवातीचे धरले आणि औषधाला पुढच्या तपासणीपर्यंत मुदत दिली.

ती तपासणी काल झाली. पुन्हा मी शेजारी, पुन्हा पडदेच. माझा एकेक मुद्दा खोडत हे टोकापर्यंत गेले आणि न अडखळता वळलेसुद्धा. पाय आता फाकत नाहीत, ढांगही लांबलीय. मला त्या पायांचा अभिमान आहेच. त्याहून जास्त, जन्मभराचा ताठा चारचौघांत बाजूला ठेवून ते जसे आहेत तसे चालले, याचा आहे.

तुझ्या रिपोर्टमध्येही हाच आजार निघाला आणि तू फोन उचलणं बंद केलंस, म्हणून हे पत्र. औषधाचा उपयोग होतो, हे आता आपल्याच घरात मोजून झालंय. तू ये. तूही त्यांचीच लेक, बघणाऱ्यांसमोर हटकून ताठ चालशील. पट्टीशेजारून मी चालेन. भांडायला विषय मात्र तू आण, पडदे आम्ही शेवटी पिवळेच लावले.

तुझीच भांडकुदळ,
आई