दुसऱ्या परीक्षकाचा शेरा

प्रिय वैशाली,

रविवारी फोनवर तू सहज म्हणालीस, "नाय घेतला गो त्यांनी लेख," आणि लगेच रोह्याच्या कॉलेजातल्या वेळापत्रकाकडे वळलीस. नेदरलँड्समध्ये येऊन मला सहा वर्षं झाली, पण काहीतरी निमित्त सांगून तुझा फोन मीच आधी ठेवला, असं पहिल्यांदाच झालं.

संशोधनाच्या नियतकालिकाला पाठवलेला तो लेख कसा झाला हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? एम.एस्सी.ला असताना आपण दोघी धरमतर खाडीकाठच्या शेतांत चिखल तुडवत हिंडायचो. तिथल्या शेतकरी बायजाबाईंनी राता जातीच्या लाल भाताची लोंबी आपल्या हातात ठेवून सांगितलं होतं, "बांध फुटून खारं पानी शिरलं, तरी ह्यो मरत नाय." मी ते ऐकलं आणि परदेशी निघून आले. तू मात्र तासिकांवर शिकवत, दर सुट्टीला पेण गाठून, पाच वर्षं मातीतलं मीठ आणि त्या भाताचं पीक मोजलंस. कॉलेजात मीठ मोजायचं यंत्र नव्हतं, तर धाटावच्या कंपनीतल्या हितेशकडून मागून आणलंस. तुझ्या विषयावरची नियतकालिकं कॉलेजला परवडत नाहीत, म्हणून मी इथून एकेक लेख पाठवायचे. त्याचा मला केवढा अभिमान होता!

मग त्याच फोनवर तू परीक्षकांचे शेरे वाचून दाखवलेस. पहिल्या परीक्षकाने कौतुक केलं होतं. दुसऱ्याने खाडीच्या भरतीचे आणि बांधांचे नेमके प्रश्न काढून लिहिलं होतं की विषयाला फक्त स्थानिक महत्त्व आहे, इंग्रजी कच्चं आहे, मागून आणलेल्या यंत्राचे आकडे भरवशाचे नाहीत, आणि शेतकरी बाईचं नाव लेखकांत कशाला? वाचून झाल्यावर तू म्हणालीस, "त्याला खाडीतलं कळतं गो, त्याचंच खरं असंल. यंदा मोजणी नाय करत." तू चिडली असतीस तर मला सोपं गेलं असतं.

वैशाली, तो दुसरा परीक्षक मीच. तुझं नाव दिसताच लेख परत पाठवायला हवा होता. पण आपल्या माणसाला झुकतं माप दिलं, असं इथे कुणी म्हणू नये या धास्तीने मी नको तितकी कडक झाले. त्याच महिन्यात इथल्या किनाऱ्यावरच्या एका गावाचा, तुझ्याहून कमी मोजणीचा लेख मी पास केला. त्याला 'स्थानिक' म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही. काल संपादकांना हे सगळं कळवलं. तुझा लेख नव्या परीक्षकांकडे जाईल, माझ्याकडे यापुढे कुणाचाच येणार नाही. त्यांचं पत्र पोचण्याआधी तुला माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे लिहिलं. माझ्याशी बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस. पण पेणला जा. यंदाचा भात अजून कापायचा आहे.

अजूनही तुझीच म्हणवून घेऊ पाहणारी,
ऋतुजा