चौथा ठिपका

४ नोव्हेंबर ९४, शुक्रवार
जमलं. अकराव्या प्लेटला. दुपारी जुम्म्याच्या नमाजाला आजूबाजूचे सगळे लूम बंद झाले आणि जमीन गप्प बसली. एरवी टेबल वाळूच्या पोत्यांवर ठेवलं तरी थरथरतं आणि लेझरखालची काच वाया जाते. भिवंडीत होलोग्रामचा कारखाना काढायचं कोणाच्या डोक्यात आलं असेल? शेठच्या. पूर्ण्याला गोडाऊन रिकामं होतं म्हणून.
खंड्या मस्त आलाय. सरळ धरला तर फांदीवर बसलेला, कलता केला तर पंख उघडतो. डोळ्याजवळ तीन बारीक ठिपके, भिंगाशिवाय दिसत नाहीत. ते फक्त मला माहीत. ज्यांच्या गोळ्यांवर हे लेबल लागणार त्या औषध कंपनीलाही नाही.
खोलीला बाहेरून कुलूप. ‘सिक्युरिटी, मॅडम.’ बाथरूमला जायचं तर दार वाजवायचं, वॉचमन येईपर्यंत थांबायचं. सुटताना पर्स तपासतात. म्हणून ही वही घरीच.

२७ नोव्हेंबर, रविवार
धाकट्या मीनाच्या फिट्सच्या गोळ्यांवर आता माझा खंड्या! अण्णा केमिस्टकडे उभे राहून गिऱ्हाइकांना शिकवत होते. मास्तरकी सुटलेली नाही. “असं तिरकं धरा. पंख उघडले की माल खरा.” वर, “माझ्या मोठ्या मुलीने काढलाय.” मला मेल्याहून मेल्यासारखं. आनंदही झाला, खोटं का लिहू.
मीनाला दोन वर्षांत एकही फिट नाही. टी.वाय. नीट पार पडेल.

१० जानेवारी ९५, मंगळवार
मीना कॉलेजच्या जिन्यात पडली. मोठी फिट. खालचा ओठ फाटला, चार टाके. मी पोचले तेव्हा डॉक्टर टाके घालत होते, तिने माझा हात धरला तो सोडलाच नाही.
डॉक्टर : “गोळी चुकवली?” नाही. अण्णा रोज समोर उभे राहून देतात. डॉक्टरांनी पाकीट मागवलं. गोळी बोटांत दाबली तर तिचा खडूसारखा भुगा झाला.
अण्णा सारखे म्हणतायत, “पण मी कलतं करून बघितलं होतं. पंख उघडले होते.”
घरी येऊन भिंग लावलं. तीन ठिपके. गोळी खोटी, खंड्या माझ्याच प्लेटचा.

१२ जाने., गुरुवार
औषध कंपनीचे सबनीस आले. तक्रारी येतायत म्हणाले, सोबत तीन पाकिटं. “बाई, एवढंच सांगा, लेबल असली की नकली?”
ते येण्याआधी शेठने केबिनमध्ये बोलावलं होतं. आवाज चढवत नाही तो कधी. “मॅडम, नकली लिहायचं. असली लिहिलं तर ते विचारणार, प्लेट कोणाच्या ताब्यात? रजिस्टरवर सही कोणाची? माझी तर नाय ना.”
तिन्ही पाकिटांवर तीन ठिपके. लिहिलं : लेबल नकली, अनुकृती. खाली सही.
सबनीसांनी आभार मानले. “आता याहून अवघड काहीतरी काढा. तुमच्यावरच भरवसा आहे.”
हात

१५ जाने.
गुरुवारचं वाक्य पुरं करता येत नाही. राहू दे.
अण्णा केमिस्टकडे फिरकत नाहीत. मीनाच्या गोळ्या मी ठाण्याहून आणते, कंपनीच्या डेपोतून. घरी कारण विचारलं तर मी ‘तिथे ताजा माल मिळतो’ म्हटलं.

२३ जाने., सोमवार
हिराबाई लेबलं मोजायला असते, अंजूरची. जेवताना शेजारी बसली. “ताई, येक इचारू? रविवारी पन मशीन चालतं. मना बोलवतान मोजायला. पन त्या रोलांची वहीत नोंद न्हाय. असं का?”
म्हटलं, मला माहीत नाही.
“तुमाला न्हाय म्हाईत, मंग कोनाला?” सहज बोलली. डब्यातली सुकट माझ्यापुढे सरकवली.

३० जाने.
राजीनामा नेला. शेठने वाचलाही नाही. “जा की. पण तो बारा तारखेचा कागद, त्याची माझ्याकडे कॉपी आहे. उद्या काय झालं तर मी सांगणार, बाई पळून गेली.” मग चहा मागवला. दोन कप. मी प्यायले. का प्यायले?
मशीन त्याचं, कुलूप त्याचं. सही तेवढी माझी.

३ फेब्रुवारी, शुक्रवार
नवीन डिझाइन. आता खंड्या पाण्यात सूर मारतो, चोचीत मासा येतो. सबनीस खूश.
काचेच्या प्लेटवरून निकेलचा पातळ पत्रा बनतो, त्याला शिम म्हणतात. तो मशीनवर चढवला की लेबलं छापायची. शेठने या वेळी दोन शिम मागितले. एक मशीनवर, एक स्पेअर, त्याच्या कपाटात. पहिला झिजला तरच स्पेअर काढायचा, असा कंपनीशी करार.
मी दोन वेगळ्या प्लेट काढल्या. मशीनवरच्या शिमला तीन ठिपके. स्पेअरला चार.
बाजारात चार ठिपके दिसले तर ते त्याच्या कपाटातून आले, दुसरं कुठूनच नाही. माझं नाव रजिस्टरवर आहे, कपाटाची किल्ली माझ्याकडे नाही.
बाथरूमला जायचं होतं. दार वाजवलं. वॉचमन : “दस मिनट, मॅडम, चाबी सेठ के पास है।” अर्धा तास.

२६ फेब्रु.
दर रविवारी वेगवेगळ्या केमिस्टकडे. एकेक पाकीट विकत घ्यायचं, घरी येऊन भिंग. तीन. तीन. तीन. कधी वाटतं शेठ सुधारला. कधी वाटतं मीच वेडी.

१९ मार्च, रविवार
कोन गावच्या केमिस्टकडचं पाकीट. चार.
आज भिंग बरोबर नेलं होतं, तिथेच उन्हात उभी राहून पुन्हा मोजले. चार.
घरी दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं. अण्णांनी एवढंच विचारलं, “नकली लिहिलंस तेव्हा तुला माहीत होतं?”
“होतं.”
ते उठून गॅलरीत गेले. जेवायला आले नाहीत.
मीना ओठावरून बोट फिरवत होती. “ताई, माझे टाके आधी की तुझी सही आधी?”
टाके मंगळवारी, सही गुरुवारी. तेवढंच बोलले. ती म्हणाली, “मग सांगायला जा. मी येते बरोबर.”

२३ मार्च, गुरुवार
रजा टाकून ठाण्याला, सबनीसांच्या ऑफिसात. मीना बाहेर बाकावर. पहिलं वाक्य तोंडून निघालं : १२ जानेवारीचा माझा रिपोर्ट खोटा आहे.
सबनीसांनी पेनाला टोपण लावलं. मी बोलत होते तोवर एकदाही मान वर केली नाही. मग : “माझ्या भावाच्या गावात एक बाई दगावली, याच गोळ्यांवर असताना. सिद्ध काही करता आलं नाही. तुमचा कागद फाइलला होता ना, लेबल नकली म्हणून.”
त्यांनी कोरे कागद पुढे सरकवले.
“हे लेखी द्याल?” दिलं. दोन पानं, प्रत्येकावर सही. तुमच्यावरही केस होऊ शकते म्हणाले. हो म्हटलं.
“आता उद्या रोजच्यासारखं कामावर जा. सरकारी इन्स्पेक्टर घेऊन आम्ही येऊ. स्पेअर कपाटातच सापडला पाहिजे. तुम्ही आला नाहीत तर शेठला संशय येईल.”
“किती वाजता?”
“ते नाही सांगू शकत.”
परत येताना मीना म्हणाली, “घाबरलीस?” मान हलवली. तिने टपरीवरून उसाचा रस घेतला, दोघींत एक ग्लास.

२४ मार्च, शुक्रवार
दहाला आत गेले. कुलूप लागलं. लूम थांबले तेव्हा बाहेरची प्रत्येक गाडी ऐकू येत होती. टेम्पो. ट्रक. एक जीप थांबली, पुढे गेली. प्लेट लावली नाही. डबा उघडला नाही. चार वाजले, पाच वाजले. लूम पुन्हा सुरू.
कोणी आलं नाही.
सहाला दार उघडलं ते वॉचमनने नाही, शेठने. “काल कुठे होता, मॅडम?”
“बहिणीच्या डॉक्टरकडे.”
“बरी आहे ना?” खरंच काळजीने विचारल्यासारखं. जाताना बघितलं, त्याच्या कपाटाला नवं कुलूप. आतला स्पेअर आहे की हलवला, कसं कळणार. हिराबाई कुठे दिसली नाही.
सबनीसांच्या ऑफिसला फोन लावला, एसटीडी बूथवरून. साहेब बाहेर गेलेत. कुठे ते माहीत नाही.
अण्णा दारात उभे होते. रविवारनंतर पहिल्यांदा बोलले : “उद्या जाणार?”
शेठने निघताना हेच विचारलं होतं. “शनिवार आहे, पण काम आहे. येणार ना?”
दोघांनाही एकच उत्तर दिलं. येते. जाते.