कुंकू लागलेली चिन्नी, आणि दुसरी

मी, सुधींद्र राव, वडिलांचे नाव कै. गुंडो राव, घराणे तंजावरचे, राहणार अंबत्तूर, चेन्नई, धंदा पूर्वी पंपांच्या कारखान्यात माल तपासनीस, सध्या काही नाही, हे मृत्युपत्र माझ्या हाताने आणि माझ्या भाषेत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. डोके ठिकाणावर असल्याचे शेजारच्या डॉ. मीनाक्षी यांनी तपासून लिहून दिले आहे. गुडघे आणि उत्साह यांबद्दल त्यांनी काही लिहिले नाही, ते बरे केले.

वकील म्हणाले, इंग्रजीत करा. इंग्रजीत मी आयुष्यभर रजेचे अर्ज आणि माल नाकारल्याचे शेरे लिहिले. पोटातले लिहायला ती भाषा मला कधी लागली नाही. तमिळ भाषांतर ते स्वतः जोडणार आहेत.

यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्यात माझी मुलगी हरिणी हिला मी भांडी आणि एक कापडी बाहुली यांखेरीज काही ठेवले नव्हते. तेव्हा का ठेवले नव्हते आणि आता का ठेवत आहे, हे कलम चारमध्ये आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी आधी ते वाचावे.

कलम एक. माझ्यामागे करायचे ते थोडक्यात करावे. अस्थींसाठी लांब जाऊ नये. तेराव्याच्या जेवणाचा आचारी माझे मेहुणे गिरिधर यांनी ठरवू नये. माझी पत्नी अलमेलू गेली तेव्हा त्यांनी ठरवला होता. ते रसम मी विसरलेलो नाही. तरीसुद्धा या मृत्युपत्राची अंमलबजावणी गिरिधर यांनीच करावी, कारण माणूस सरळ आहे. फक्त चव नाही.

कलम दोन. अंबत्तूरचे राहते घर, तळमजला व वरची खोली, मुलगा हरिप्रसाद व मुलगी हरिणी यांना निम्मे निम्मे. पूर्वेस डॉ. मीनाक्षी यांचे घर, उत्तरेस रस्ता, पश्चिमेस पिळ्ळैयारचे, म्हणजे गणपतीचे, छोटे देऊळ, दक्षिणेस सेतुमाधव यांची भिंत. ही भिंत आमच्या हद्दीत आलेली आहे. मी तिच्यासाठी तरुणपणापासून भांडलो, आता थकलो. मुलांनी भांडू नये. जागा त्यांना सोडून दिली असे समजावे, पण त्यांना तसे सांगू नये.

वरच्या खोलीत सोलापूरचा सिद्धार्थ भाड्याने राहतो. इथल्याच औद्योगिक इस्टेटमधल्या आयटी कंपनीत कामाला आहे. त्याला हवे तोवर राहू द्यावे. तो या लेखाचा साक्षीदार असल्याने त्याला काही ठेवता येत नाही असे वकील म्हणतात. म्हणून माझा पितळी कॉफी फिल्टर मी त्याला आज सकाळीच देऊन टाकला. तो मृत्युपत्रात नाही.

कलम तीन. बँकेत जे असेल ते दोघांना सारखे. मायक्रोमीटर, व्हर्निअर आणि त्यांची मखमली पेटी हरिप्रसादला. त्याला आता त्यांचा काही उपयोग नाही. पण लहानपणी तो ती पेटी मागायचा आणि मी हात लावू द्यायचो नाही. आता खुशाल लाव म्हणावे.

कलम चार. चिन्नी.

हे कलम लांबणार आहे. माझाही इलाज नाही.

हरिणी श्रीपेरुंबुदूरच्या कारखान्यातून जपानला बदलून गेली, ती अजून तिथेच आहे. तिला लहानपणापासून जपानी ॲनिमेचे वेड. त्यातल्या एका पात्राची, युमोको नावाच्या मांजरकानाच्या मुलीची, कापडी बाहुली तिला तिथे सोडतीत मिळाली. अशा मोजक्याच काढल्या होत्या म्हणे. तिची तिथली खोली काडेपेटीएवढी, म्हणून तिने ती इकडे पाठवली आणि फोनवर बजावले की पिशवी उघडायची नाही, टॅग कापायचा नाही, उन्हात ठेवायची नाही. अलमेलूने सगळ्याला "सरी, सरी" म्हटले. नाव काही तिच्या तोंडात बसेना, म्हणून तिने बाहुलीला चिन्नी म्हणायला सुरुवात केली.

पुढे नवरात्र आले. आमच्याकडे देवापुढे पायऱ्या मांडून कोलू बसवतात, त्यावर सगळ्या बाहुल्या. दरवर्षी निदान एक नवी बाहुली चढली पाहिजे, हा अलमेलूचा नेम. त्या वर्षी तिचे पाय सुजले होते, बाजारात जाणे झाले नाही. घरात नवी बाहुली एकच होती.

मी म्हणालो, "पोरीने उघडू नको म्हटलंय ना?"

ती म्हणाली, "हें पाहा, प्लास्टिकांत ठेवूनु देवापुढें कशी बसवूं? तिला श्वास नको का? आणि किमतीची चिठ्ठी कानाला बांधूनु कोण कोलूवर बसतें? दुकान का हें?"

तिने पिशवी उघडली. कात्रीने कानाचा टॅग कापला. नव्या बाहुलीला करतात तसे चिन्नीच्या कपाळाला हळद लावली, अंगठ्याने कुंकू टेकवले, आणि तिला मधल्या पायरीवर, वाण्याच्या दुकानात बसलेल्या चेट्टियार बाहुल्यांच्या जोडप्याशेजारी बसवले. शेजारच्या बायका आल्या, त्यांना तिने "माझ्या हरिणीने पाठवलेली" म्हणून दाखवली. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी पाहिला आहे.

मग तिने हौसेने हरिणीला व्हिडिओ कॉल लावला.

"अय्यो अम्मा! काय केलीस गे हें? टॅग कोठें?" हरिणी किंचाळलीच. "हें कोलूचें बोम्मई नव्हे अम्मा! कपाळाला काय फासलीस? आतां ह्याला कवडीची किंमत नाहीं!"

अलमेलूने फोन ठेवला. आलेल्या बायकांना विड्याची पाने देत राहिली आणि पदराने डोळे पुसत राहिली. हरिणीने नंतर फोन केला, इकडचे तिकडचे बोलली, पण माफी मागितली नाही. हे मी मनात धरून ठेवले.

नवरात्र उठल्यावर अलमेलू मला घेऊन चेन्नईच्या पॅरीस बाजाराकडच्या एका दुकानात गेली. सुजलेल्या पायांनी, जिने चढून. तिथे हुबेहूब तशीच बाहुली मिळाली, टॅगसकट, पिशवीसकट. तिने ती काचेच्या कपाटात ठेवली आणि हरिणीला फोनवर सांगितले की कुंकू धुऊन काढले, टॅगही परत शिवला. कुंकू लागलेली चिन्नी जुन्या सुती साडीत गुंडाळून कोलूच्या ट्रंकेत, परणावर, म्हणजे माळ्यावर. मला म्हणाली, "हरिणीला खरें सांगूं नका. पोरीचा जीव उगा तुटेल." मी सांगितले नाही. मी स्वतः दोन्ही बाहुल्या शेजारी ठेवून पाहिल्या होत्या. सगळी हयात माल पास-नापास करण्यात गेली, पण कुंकवाखेरीज मला त्यांच्यात फरक दिसला नाही.

संक्रांतीला हरिणी आली. आल्या आल्या म्हणाली, "अम्मा, युमोको दाखव पाहूं." अलमेलूने कपाट उघडले. हरिणीने बाहुली मांडीवर घेतली, उलटी केली, पोट दाबले, पाठीच्या शिवणीतली चिठ्ठी वाचली, डोळ्यांवरून बोट फिरवले. बराच वेळ ती मान खाली घालून बसली होती. मग म्हणाली, "तीच आहे अम्मा. टॅग बी आहे. कुंकू साफ निघालं पाहा. कांहीं बिघडलं नाहीं."

अलमेलू म्हणाली, "खरेंच?"

"अस्सल. मला कळत नाहीं का?" असे म्हणून हरिणीने कॉफी मागितली.

त्या दिवशी अलमेलू पोटभर जेवली. त्याच उन्हाळ्यात ती गेली.

मी मात्र त्या दिवशी एवढेच पाहिले की मुलीने आईचे पाय पाहिले नाहीत, माल पाहिला. पास केला, कॉफी प्यायली, आणि रडवल्याबद्दल एक शब्द बोलली नाही. शिवाय फसली. एवढी शहाणी, आणि आईने बाजारातून आणलेला माल तिला ओळखता आला नाही, याचे मला बरेसुद्धा वाटले. याच रागात मी आधीचे मृत्युपत्र केले. कपाटातली बाहुली तिला ठेवली ती टोमणा म्हणून. ज्याची किंमत तुला आईपेक्षा जास्त, ते घे, असा माझा अर्थ होता.

या दिवाळीनंतर हरिप्रसाद म्हणाला, "अप्पा, त्या बाहुलीला आता नव्या स्कूटरएवढा भाव आहे म्हणतात. यादीत नीट लिहा. हवी तर विकून देतो." किंमत कोण सांगणार? वरच्या सिद्धार्थलाही हाच नाद आहे, म्हणून त्याला खाली बोलावले.

त्याने बाहुली हातात घेतली आणि तोंड कसेनुसे केले.

"काका, राग येऊ देऊ नका. ही डुप्लिकेट आहे."

मी विचारले, कशावरून. त्याने समजावून सांगितले. अस्सल बाहुलीच्या बुडाशी बारीक मणी भरलेले असतात, म्हणून ती न कलंडता बसते आणि हाताला जड लागते. ही नुसत्या कापसाची. अस्सल डोळे दाट रेशमी टाक्यांनी भरलेले असतात, हिच्या डोळ्यांतून खालचे कापड दिसते. गालांचा रंग भडक आहे. शिवणीतल्या चिठ्ठीवर बनवणाऱ्याचे नाव असते, हिच्यावर फक्त धुण्याची खूण आहे, तीही उलटी छापलेली.

मी म्हणालो, "माझ्या मुलीने तपासून अस्सल म्हटली होती."

"मग त्यांनी नीट पाहिली नसेल, काका. ज्याला थोडं कळतं त्याला हातात घेतल्या घेतल्या समजतं."

"नीट पाहिली. शिवणीतली चिठ्ठीसुद्धा वाचली. माझ्यासमोर."

"नाव काय त्यांचं?"

मी नाव सांगितले. ती जपानमध्ये कुठे असते ते सांगितले.

"हरिणी राव? आमच्या ग्रुपवर खरं-खोटं त्याच ठरवतात, काका. लोक विकत घेण्याआधी त्यांना फोटो पाठवतात. मण्यांचं, टाक्यांचं हे सगळं मी त्यांनीच लिहिलेलं वाचून शिकलोय. त्या कुणाची भीड धरत नाहीत."

मी खुर्चीत बसलो. सिद्धार्थने पाणी आणून दिले.

तिला कळले होते. मांडीवर घेतली त्याच क्षणी कळले होते. आईने सुजलेल्या पायांनी बाजार पालथा घातला हेही तिला त्या हलक्या बाहुलीवरूनच कळले असणार, आणि ती मान खाली घालून का बसली होती हे मला आज समजले. तिची माफी माझ्या डोळ्यांदेखत मागून झाली होती आणि मी ती ऐकली नाही. पोरी, मला फार वाईट वाटते. आता फोनवर सांगायला जीभ वळत नाही, म्हणून इथे लिहितो.

सिद्धार्थने मग परणावरची ट्रंक उतरवली. साडीतून चिन्नी निघाली. कपाळावर अलमेलूचा अंगठा तसाच आहे, हळदीची पिवळी कड आणि मधे लाल. सिद्धार्थने डोळे पाहिले, वजन पाहिले, म्हणाला, "अस्सल. अगदी पहिल्या खेपेची. टॅग गेला, हे वाईट झालं. डाग मात्र जपून काढला तर निघेल. भाव बराच वर जाईल."

म्हणून लिहून ठेवतो की हा डाग कोणीही काढू नये. हरिप्रसाद, तुला विशेष करून सांगतो. तू मनाने चांगला आहेस, पण घरात लाँड्रीचा पहिला विचार तुलाच येतो. आम्ही अलमेलूचे फोटो पुष्कळ काढले, तिच्या हाताची खूण मात्र घरात एवढीच आहे.

दोन्ही बाहुल्या हरिणीला. कुंकवाची दरवर्षी कोलूवर चढावी, जिथे कुठे ती कोलू मांडील तिथे. न मांडल्यास नुसती खिडकीत बसवावी, पण उन्हात नाही. दुसरीही तिलाच, आणि आता टोमणा म्हणून नव्हे.

मालाची यादी, बाहुल्यांपुरती, नियमाप्रमाणे वर्णनासह:

पहिली. कपाळावर हळदकुंकवाचा डाग, कानाचा टॅग कापलेला, मूळ पिशवी नाही. डोळे, मणी, शिवण ठीक. परीक्षण सिद्धार्थ खडतरे यांचे: अस्सल, परंतु डागामुळे किंमत उतरलेली. त्यांचे मत नोंदवले. मला मान्य नाही.

दुसरी. डाग नाही, टॅग आहे, पिशवी आहे. वजनास हलकी. सिद्धार्थने इथे "नकली" असे लिहा म्हणून सुचवले. त्याने ते प्रामाणिकपणे सुचवले. मी त्याला सांगितले की या वस्तूचे परीक्षण तुझ्याआधी झालेले आहे, तुझ्या गुरूकडून, या घरात, तिच्या आईसमोर. निकाल: अस्सल. तो अंतिम समजावा आणि या घरातल्या कोणीही तो फिरवू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, बरोबर आहे. थकलो आहे, इथे थांबतो.

सही: सुधींद्र गुंडो राव

आमच्यादेखत सुधींद्र राव यांनी सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केली:

१. डॉ. मीनाक्षी नारायणस्वामी, अंबत्तूर

२. सिद्धार्थ उपेंद्र खडतरे, सध्या राहणार वरच्या खोलीत. दोन्ही बाहुल्या मी पाहिल्या आहेत. दुसरीबद्दलचा निकाल मला मान्य आहे.

ठिकाण: अंबत्तूर, चेन्नई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५