कच्छचे मीठ, सोहराचा पाऊस आणि सिंदी मेघेचे घर

"तुले घर-वावर कायले पाह्यजे व वर्षाली? तुले त फिरतच राह्यचं हाय!"

हे वाक्य माझे थोरले भाऊ ज्ञानेश्वर चंद्रभान भोयर, राहणार कारंजा (घाडगे), रजिस्ट्री ऑफिसच्या पायरीवर हसत हसत बोलले होते. वडील नुकतेच गेले होते आणि मी चोवीस वर्षांची होते. मीही हसले, आत गेले आणि हक्कसोडपत्रावर सही केली. हायवेलगतच्या वावरातला आणि घरातला माझा हिस्सा त्या सहीने दादांचा झाला. आमच्याकडे बहिणी असेच करतात. भाऊ साडीचोळी देतो आणि माहेर शाबूत राहते, असे मानतात.

आज मी, वर्षाली चंद्रभान भोयर, वय सेहेचाळीस, अविवाहित, प्रवासलेखनावर पोट भरणारी, राहणार सिंदी मेघे, जिल्हा वर्धा, पुढच्या आठवड्यातल्या मोठ्या शस्त्रक्रियेआधी हे लिहिते आहे. मन ठिकाणावर आहे आणि या वेळी पायरीवर कोणी उभे नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

कलम १. सिंदी मेघे येथील माझे दोन खोल्यांचे घर दादांची मुलगी सुरभी हिला एकटीला मिळावे. ते तिने विकू नये, अशी अट मला घालायची होती. वकील म्हणाले, ती टिकणार नाही. मग अट नाही. विकून फिरायला गेली तरी माझी हरकत नाही. फक्त कोणाच्या सांगण्यावरून विकू नये.

कलम २. हे घर एका पुस्तकाच्या कमाईचे आहे. त्या पुस्तकाचे सर्व हक्कही सुरभीला. त्यासाठी मी देशाच्या दोन टोकांना पुन्हा पुन्हा गेले: पश्चिमेला कच्छचे रण, ईशान्येला मेघालयातल्या खासी टेकड्या. एकीकडे पाऊस पाहुण्यासारखा येतो, दुसरीकडे तो घरजावई होऊन राहतो.

धोलावीराला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मिठाची पांढरी जमीन असते. हिवाळ्यातही डोळे दिपतात. हडप्पा काळातल्या त्या शहरातल्या लोकांनी खडक खोदून मोठमोठे हौद केले, पावसाळी ओढ्यांचे पाणी त्यांत वळवले. हजारो वर्षांनंतर हौद आहेत, वारस कोणीच नाही. शहर कोणाच्या नावावर होते, हे सांगायला माणूस उरलेला नाही. मला तिथे फार बरे वाटले.

सोहरा म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातले चेरापुंजी. तिथे झाडांची जिवंत मुळे ओढ्यापलीकडे नेऊन पूल वाढवतात. लावणारा म्हातारा होतो तेव्हा कुठे पूल चालण्याजोगा होतो. मी जिच्याकडे उतरले होते त्या बाईला घर आईकडून मिळाले होते, कारण ती सर्वांत धाकटी लेक. त्यांच्यात घर धाकट्या लेकीकडे जाते आणि म्हातारे आईबापही तिच्याकडेच. मीही आमच्या घरची धाकटी लेक. चुलीशी बसून तिने मोडक्या हिंदीत विचारले, "तुम्हारा घर?"

"भाई का है. मैंने साइन किया."

"साइन किया, तो घर तुमको मिला न?"

जी सही करते तिला काहीतरी मिळते, एवढे साधे तिला वाटत होते. मी चहा पीत राहिले.

प्रकाशक म्हणाले होते, "मॅडम, पर्यटकाला धबधबे द्या, वारसाहक्क कशाला?" मी ती पाने काढली नाहीत. पुढच्या आवृत्त्यांतूनही काढू नयेत.

कलम ३. सहीच्या दिवशी मिळालेली मोरपंखी साडी कपाटात घडी न मोडता ठेवली आहे. ती ज्ञानेश्वरदादांना परत द्यावी. माहेर राहावे म्हणून घेतली होती. त्यानंतर एकाही दिवाळीला 'येजो' म्हणून फोन आला नाही. आईच्या तेरवीला मी पाहुण्यांच्या पंगतीत जेवले.

कलम ४. कच्छमधल्या भुजोडी गावची लोकरी शाल मंजुषावहिनींना. त्याच तेरवीला निघताना त्यांनी माझ्या पिशवीत संत्री कोंबली. म्हणाल्या, "तुमच्या दादाले सांगू नोका, बाई. नाई त माह्या संत्र्याचीबी हक्कसोड करून घेतील." आम्ही दोघी हसलो. हसताना त्या मागे वळून पाहत होत्या.

कलम ५. खिडकीतली रणातल्या मिठाची बाटली शेजारीण शालू ठवरे हिला. पावसाळ्यात त्याला पाणी सुटते, तेव्हा झाकण घट्ट लावावे. "एवढ्या दूर जाऊन मीठच आनलं का व?" असे तिने विचारले होते. हो, तेवढेच आणले. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिनेच करावी. माझ्या घराची किल्ली आजही तिच्याकडेच असते.

कलम ६. अस्थी धाम नदीत सोडाव्यात. कच्छला किंवा मेघालयात नेऊ नयेत. तिथे मी माझ्या पायांनी जाऊन आले आहे.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आणि त्यांनी माझ्यासमोर.

सही: वर्षाली चंद्रभान भोयर
साक्षीदार: महादेवराव देवतळे, निवृत्त शिक्षक, सिंदी मेघे
साक्षीदार: रोशन पोहाणे, दुकानदार, सिंदी मेघे
ठिकाण: सिंदी मेघे. दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५

सहीखालचा मजकूर मृत्युपत्रात धरत नाहीत, असे वकिलांनी सांगितले आहे. म्हणूनच हे खाली लिहिते.

दादा, सुरभीचे लग्न जुळते आहे. परवा तिने मला फोनवर विचारले, "आत्या, सही नाई केली त माहेर तुटते का?" तू तिला त्या पायरीवर नेऊ नको. तिचा हिस्सा तिच्याच नावावर राहू दे. मी परत केलेली साडी अजून कोरी आहे, घडीही मोडलेली नाही. तू ऐकणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरी मागते: ती साडी तिच्या हातात ठेवू नको.